चामड्याला तेल

साखरबाई सीटवर नीट टेकलीसुद्धा नव्हती, तोच मेहुलने तिला दंडाला धरून उठवलं.

‘आई, ऊठ, ऊठ! पदर ओला हाय तुझा.’

‘ओला नाय रं, दमट हाय.’

‘तेच ते. खारं पाणी लागलं का लेदर संपलं.’

ती उठली. पहाटेपासून बोईसरच्या बाजारात उकिडवी बसून दोन पाट्या बोंबील विकून आलेली बाई. अंगणात गाडीचं दार उघडं दिसलं म्हणून घटकाभर टेकायला गेली, एवढाच तिचा गुन्हा. मेहुलने खिशातून पिवळं मऊ फडकं काढलं आणि ती जिथे बसली होती तेवढीच जागा गोल गोल पुसून घेतली. मग ते फडकं नाकाला लावून हुंगलं. आईच्या देखत. साखरबाईने ते पाहिलं आणि तिच्या डोक्यात सणक गेली. ह्याचं ढुंगण मी तीन वर्षं पुसलं, तेव्हा मी काय फडकं हुंगत बसले होते काय?

पण पोराशी बोलून काही होतं हा भ्रम तिने गाडी घरी आली तेव्हाच सोडून दिला होता.

गाडी येऊन दोन वर्षं झाली होती. वापीच्या कुठल्या दलालाकडून मेहुलने ती जुनी घेतली. पांढरी होती, चार दारांची होती, आणि आत बदामी रंगाच्या सीटा होत्या. अख्ख्या घिवली गावाने ऐकलं की मेहुलच्या गाडीत लेदर आहे. ज्याने ऐकलं नसेल त्याला थांबवून सांगण्यात आलं. आणि मग त्या लेदरवर पहिल्याच आठवड्यात टॉवेल चढले, टॉवेलवर प्लास्टिक चढलं, गाडीवर ताडपत्री चढली, आणि मेहुल पूर्वीसारखाच कंपनीच्या बसने तारापूरच्या एमआयडीसीत कामाला जाऊ लागला. रोज बसलं की सीटा झिजतात म्हणे! जीन्स घालून बसायचं नाही, निळा रंग उतरतो. मागच्या खिशात किल्ली ठेवायची नाही, ओरखडा पडतो. त्याच्या बायकोचे, समिधाचे, वडील पालघरहून आले, चांगले शिक्षक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, तर त्यांना पट्टा काढून बसायला लावलं. ते बिचारे एका हाताने पॅंट धरून केळव्यापर्यंत गेले आणि तशीच धरून परत आले. जावई आहे, काय करणार, म्हणून हसले.

साखरबाई काही हसली नाही. दादूची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, होडी होती तेव्हा ती होडी रोज समुद्रात जायची. वस्तू वापरायची असते हे दादूला कुणी मोबाइलवर सांगितलं नव्हतं. आणि हा त्याचा पोरगा! म्हैस घ्यायची आणि दुधाला भ्यायचं, असली ह्याची तऱ्हा.

‘उद्याचं ठरलं नीट?’ तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी रिद्धीचा साखरपुडा होता, पालघरच्या हॉलवर. रिद्धी तिचं शेंडेफळ. नवरामुलगा निमेश, एका औषधाच्या कारखान्यात पर्मनंट, स्वभावाने गरीब. चार ठिकाणी नकार पचवून आलेलं हे पाचवं स्थळ होतं, आणि ते पक्कं झाल्यापासून साखरबाईला रात्री झोप लागत होती.

‘ठरलं ना,’ मेहुल फडक्याची घडी घालत म्हणाला. ‘सकाळी नऊला निघायचं. मी, समिधा, रिद्धी. बोईसरवरनं हंसाआत्यांना घ्यायचं.’

हंसाआत्या म्हणजे निमेशची आत्या. त्या घरात पान तिच्याशिवाय हलत नाही असं कळलं होतं. तिला गाडीतून नेण्याची कल्पना मेहुलचीच.

‘चार झाली,’ साखरबाई म्हणाली. ‘मंग मी कंच्या बाजूला बसू?’

मेहुलने फडकं खिशात ठेवलं. पुन्हा काढलं. पुन्हा ठेवलं.

‘तू ना, जानूकाकासंगं एसटीनं ये. काय हाय, मागं मधे ताटं ठेवायचीत. साडीचं, लाडवांचं, फळांचं. हातात धरली तर आत्यांच्या साडीवर काय सांडेल, सीटवर काय सांडेल... आणि तुला तं एसटीची सवय हाय.’

 लाडू गाडीतून जाणार होते. मोसंबी गाडीतून जाणार होती. आणि जिच्या पोटची पोरगी, ती एसटीच्या दांड्याला लोंबकळत हॉलवर पोचणार होती, तेही सगळे बसून पाणी पिऊन झाल्यावर. पाहुणे विचारणार, नवरीची आई कुठाय? तर म्हणे, येतेय मागून, सामानासारखी! पाटी उचलून ती सरळ मागच्या दारी गेली आणि दगडावर नुसती बसून राहिली.

जेवताना मेहुलचं प्रवचन चालू होतं. ड्रायव्हरच्या सीटची कड तडकली होती, बोटभर. ऊन आणि खारी हवा, दुसरं काय. लेदर म्हणजे शेवटी कातडं, त्याला खायला घालावं लागतं, तेल द्यावं लागतं, नाहीतर ते सुकतं आणि फाटतं, असं तो समिधाला समजावत होता. त्याने नऊशे रुपयांची क्रीमची बाटली मागवली होती, ती उद्यापर्यंत पोचते की नाही ह्याचा त्याला घोर लागला होता.

‘नऊशे?’ साखरबाईचा घास हातातच राहिला. ‘कातड्याला तेल द्यायला नऊशे?’

‘ते साधं तेल नसतं, आई. तुला नाय कळायचं.’

तिला नाय कळायचं! तीस वर्षं दर उन्हाळ्यात होडी वर काढली की मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, काळीज उकळून तेल काढायची कोण, आणि त्या तेलाने होडीचं लाकूड आतून-बाहेरून चोळायची कोण? त्या तेलाने किडा लागत नाही, खारं पाणी शिरत नाही, तडा वाढत नाही. दादूच्या चामडी चपलांनासुद्धा तेच तेल. त्या चपला सात पावसाळे टिकल्या. आणि हा कालचा पोर, बाटलीवरचं वाचून, तिला कातडं शिकवणार!

दुपारी मेहुल दुसऱ्या पाळीला गेला. समिधा आणि रिद्धी मेंदी काढायला बोईसरला गेल्या. अंगणात गाडी, ओट्यावर साखरबाई, आणि किल्ली खुंटीला.

तिचा बेत सरळ होता. सीटला आपल्या हाताने तेल पाजायचं, रात्रीपर्यंत ती मऊ लोण्यासारखी करायची, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन तिच्यावर बसायचं. जिने कातडं जगवलं तिला कातड्यावरून कोण उठवतो ते बघू. दिराच्या, जानूच्या, जुन्या लाकडी होडीसाठी ठेवलेला डबा तिने शिंक्यावरून खाली घेतला. झाकण उघडल्यावर तो ओळखीचा उग्र दर्प घरभर झाला. परक्या माणसाला ओकारी येईल असा दर्प, पण तिला त्याचं काय! प्लास्टिक ओढून काढलं, टॉवेल भिरकावले, चिंधी बुडवली आणि मागच्या सीटपासून चोळायला सुरुवात केली.

अर्धा तास ती रेटून चोळत होती. मग थांबून तिने तळवा फिरवला. तेल जिथल्या तिथे होतं. अळवाच्या पानावर पाणी राहावं तसं वरच्यावर. तिने पुन्हा चोळलं, ऊन येऊ दिलं, वाट पाहिली. लाकूड पहिला हात घटकेत पिऊन टाकतं आणि दुसरा मागतं. चपलांचं चामडं तर असं प्यायचं की बघता बघता काळं पडायचं. हे काही पीत नव्हतं. बोटाने रेघ ओढली तर रेघ दिसत होती.

ती पुढच्या सीटकडे गेली. तडकलेली कड होती तिथे तेल आत उतरलं होतं खरं. तिने नखाने ती कड हलकेच उचलली. आत पांढरे धागे. आडवे, उभे, एकसारखे विणलेले. जन्मभर जाळी शिवणाऱ्या बाईला धागा दाखवावा लागत नाही. कुठल्याही जनावराच्या कातड्याखाली विणलेलं कापड नसतं.

‘अगो बया,’ साखरबाई मोठ्याने म्हणाली. ‘रेक्झिन!’

आधी ती हसली. गाडीच्या दारात फतकल मारून, एकटीच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! दोन वर्षं अख्ख्या गावाला पट्टे काढायला लावले, मास्तरांना पॅंट धरायला लावली, आईला ढुंगण टेकू दिलं नाही, आणि कशासाठी, तर बाजारात बसायच्या स्टुलावर असतं त्या रेक्झिनसाठी! वापीच्या दलालाने शेठला उभा कापला आणि शेठ नऊशेचं लोणी लावायला निघालेत! उद्या हॉलवर हे सगळ्यांना सांगायचं, हंसाआत्याच्या पुढ्यात सांगायचं, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. एसटीतून उतरायचं, पाणी प्यायचं, आणि सांगायचं. आहाहा!

मग तिने भांडी घासायचा साबण आणला, लिंबं कापली आणि तेल काढायला बसली. तेल निघालं. पीतच नव्हतं तर निघायला काय! वास मात्र शिवणींत जाऊन बसला, तो हलेना.

त्याच उद्योगात ती असताना फाटक वाजलं. मेहुल पाळी मधेच टाकून परत आला होता, उद्याची तयारी म्हणून. त्याने उघडी दारं पाहिली, अंगणात पडलेलं प्लास्टिक पाहिलं, आणि वास तर त्याला रस्त्यावरच आला असणार.

‘काय केलंस?’ तो किंचाळला. ‘आई, काय केलंस हे? मुशीचं तेल? लेदरला? अगं तुला अक्कल...’

‘पीत नाय,’ साखरबाई म्हणाली.

‘काय?’

‘तेल पीत नाय तुझं लेदर.’

मेहुलचा आवाज नळ बंद करावा तसा बंद झाला. त्याने आधी फाटकाकडे पाहिलं, मग शेजारच्या ओट्याकडे. तिथे कुणी नव्हतं. तो गाडीच्या दाराशी उकिडवा बसला आणि तडकलेल्या कडेवर अंगठा ठेवला, झाकल्यासारखा.

साखरबाईला वाटलं होतं पोरगा चकित होईल, दलालाला शिव्या घालेल. त्याने काहीच केलं नाही. तिच्या हातातला साबण गळून पडला.

‘तुला ठाव हाय,’ ती म्हणाली.

‘वर्ष झालं. शिवण उसवली म्हणून बोईसरला सीटवाल्याकडं नेली होती. तो हसला.’ मेहुल जमिनीकडे बघत होता. ‘तोवर सगळ्यांना सांगून झालेलं, आई. समिधाच्या घरी, कंपनीत. हंसाआत्यांना तं मी स्वतःच सांगितलं, लेदरवाल्या गाडीतनं नेतो म्हणून. आता काय सांगू?’

म्हणजे गेलं वर्षभर हा कातडं जपत नव्हता. थाप जपत होता. हात लावला, जरा जास्त वेळ टेकून बसलं, तर कुणाच्या तरी लक्षात येईल म्हणून ते टॉवेल आणि ती प्लास्टिकं. साखरबाईला आता हसू येईना. फसलेल्या माणसाला निदान हसता तरी येतं. ह्या माणसाचं काय करायचं? आणि हा आपला!

‘समिधाला नको सांगू,’ तो म्हणाला. ‘उद्या कुणालाच नको. सांगशील का?’

‘बघू,’ ती म्हणाली आणि लिंबाच्या साली गोळा करायला लागली.

संध्याकाळी समिधाने नाक दाबून विचारलं, हा कसला वास? मेहुलने सांगितलं, नवीन क्रीम लावलं, बाहेरच्या देशातलं आहे. साखरबाई चुलीकडे तोंड करून बसून होती. किती सहज जीभ चालते ह्याची, तिच्या मनात आलं.

सकाळी ती हिरवं लुगडं नेसून, केसांना चांगलं चापून तेल लावून, अबोलीची वेणी माळून एसटीसाठी निघाली, तर मेहुल फाटकाशी आडवा आला.

‘तू पण गाडीतनंच चल.’

‘आन् लाडू?’

‘मांडीवर घेऊ. चल ना, आई.’

त्याच्या ओठांवर घाम होता. ती भीती तिने नीट पाहून घेतली. दोन वर्षांत ह्याने आपल्याला पहिल्यांदा गाडीत बोलावलं, आणि ते आई म्हणून नव्हे. एसटीतून हिंडताना ही कुणाकुणाशी बोलेल म्हणून. तिला वाटलं, थुंकावं ह्या गाडीवर आणि चालू पडावं. पण मेंदीचे हात सावरत रिद्धी आत बसली होती आणि तिने सरकून जागा केली. साखरबाई चढली.

बोईसरला हंसाआत्या आली. भरजरी, ऐसपैस, विरारला वाढलेली. होडी तिने पाहिली असली तर फोटोत. तिला पुढची सीट देऊ केली, पण ती म्हणाली, ‘मी विहीणबाईंजवळ बसते.’ समिधा साडीचं ताट घेऊन पुढे गेली. मागे खिडकीशी रिद्धी, मधे साखरबाई लाडवांचं ताट मांडीवर घेऊन, पलीकडे आत्या. गाडी निघाली. मेहुलने एसी लावला आणि वास पुन्हा जागा झाला.

आत्याने दोनदा नाक ओढलं.

‘वास कसला हो येतोय?’

‘ते क्रीम, आत्या,’ मेहुल घाईने म्हणाला. ‘लेदरचं.’

‘क्रीमला असला वास?’ आत्याने सीटवर तळवा ठेवला आणि दाबून पाहिलं. ‘नाही म्हणजे, विचारते एवढ्यासाठी की आमच्या शेजाऱ्यांना फसवलं ना. लेदर म्हणून सांगितलं आणि निघालं रेक्झिन. चार लोकांत शोभा झाली. मी तर म्हटलं, जो माणूस सीटबद्दल खोटं बोलतो तो घरातलं काय काय लपवत असेल! तेव्हापासून मला ओळखता येतं. अंगठ्याने दाबायचं, सुरकुती पडते का बघायची. आणि कडेला नखाने जरा...’

तिचा अंगठा सीटच्या शिवणीकडे सरकायला लागला. आरशात मेहुलचे डोळे दिसत होते, रस्त्यावर मुळीच नव्हते. समिधा बाहेर बघत होती, तिला कशाचीच गंधवार्ता नव्हती. रिद्धी मात्र आईकडे बघत होती. मुशीच्या तेलाचा वास न ओळखायला ती काही विरारला वाढली नव्हती.

साखरबाईच्या जिभेवर सगळं तयार होतं. रात्रभर घोळवलेलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण हे दात चावरे निघाले त्याला ती काय करणार! तिने आत्याकडे पाहिलं, मग रिद्धीच्या हातावरच्या गडद रंगलेल्या मेंदीकडे.

‘हे धरा जरा,’ ती म्हणाली आणि लाडवांचं ताट आत्याच्या मांडीवर ठेवलं. आत्याला दोन्ही हात ताटाला लावावे लागले. ‘विहीणबाई, तुमी बरोबर वळखलं. क्रीमबीम काय नाय. वास कातड्याचा हाय.’

‘कातड्याचा?’

‘मंग! अस्सल चामडं म्हंजे जनावर. जनावराला वास नाय तं कुणाला? रेक्झिनला कधी वास येतो का? मी सोता काल तेल दिलं त्याला. घटाघटा पेलं. डबा रिकामा झाला.’

ती हे इतक्या शांतपणे बोलली, की परवाचा पापलेट आजचा म्हणून विकतानासुद्धा तिचा आवाज इतका शांत नसे. आत्याने पुन्हा एकदा वास घेतला, ह्या वेळी मान डोलावत, जाणकारासारखा.

‘तरीच,’ ती म्हणाली. ‘आमच्या शेजाऱ्यांच्याला अगदी वास नव्हता.’

रिद्धीने तोंड खिडकीकडे वळवलं. तिचे खांदे हलत होते. समिधा मागे वळून कौतुकाने म्हणाली, ‘आई, तुम्ही तेल लावलंत? मला बोललाच नाहीत.’ साखरबाईने पदर सारखा केला. खोटं बोलल्याचं तिला काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते एवढंच, की आता ह्या थापेच्या सीटवर आपणही बसलो, आणि बसलो ते स्वतःच्या पायांनी चढून.

मेहुलने मोठा श्वास सोडला. गाडी सरळ धावू लागली, खड्डे चुकू लागले. त्याच्या मानेचा ताठा हळूहळू परत आला, खांदे रुंद झाले. उमरोळी मागे पडलं तोवर तो पूर्वीचा मेहुल झाला होता. त्याने आरसा बोटाने जरा खाली केला.

‘आई,’ तो म्हणाला, ‘मागं टेकू नको. डोक्याचं तेल लागंल लेदरला.’

 आत्याच्या मांडीवर ताट खुळखुळलं.

साखरबाईने आरशात पाहिलं. तिथे तिच्या पोराचे दोन डोळे होते, आणि ते खरोखर सीटची काळजी करत होते. मग तिने वेणी नीट बसवली, पाठ टेकली, मान टेकली, तेलाचं डोकं सगळ्या भारानिशी मागे टेकवलं आणि पाय लांब केले.

‘मेहुल,’ ती म्हणाली, ‘पुढं बघून चालव.’

मेहुलने आरशातले डोळे काढले आणि पालघर येईपर्यंत पुढे बघून गाडी चालवली.